एनएफएसवर ओ_डायरेक्ट वापरताना अलाइनमेंट कशी सांभाळावी

आमचा बॅकअपचा एक प्रोग्राम सहा महिने एनएफएस शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरवर, विनातक्रार चालत होता. मग जागा बदलली. बॅकअप थेट मशीनच्या आतल्या डिस्कवर, एक्सएफएस फाइल सिस्टिमवर जाऊ लागला आणि पहिल्याच रात्री प्रोग्राम थांबला. लॉगमध्ये एकच ओळ होती: त्रुटी क्रमांक २२, म्हणजे ईइन्व्हॅल, चुकीचा आर्ग्युमेंट. प्रोग्राम तोच, डेटा तोच, हक्कही तेच.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ६४ बाइटचं हेडर लिहायचं आणि त्याच्या मागोमाग एकेक एमबीचे तुकडे ओ_डायरेक्टने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश टाळून, लिहायचे, अशी त्या प्रोग्रामची रचना होती. त्यामुळे पहिला तुकडा ६४व्या बाइटपासून सुरू व्हायचा आणि पुढचा प्रत्येक तुकडा तितकाच सरकलेला असायचा. ४०९६ बाइटचा सेक्टर असलेल्या डिस्कने ते लेखन सरळ नाकारलं. एनएफएसने मात्र सहा महिने ते निमूटपणे स्वीकारलं होतं. एवढा काळ बॅकअप संथ चालतोय हे सगळ्यांना दिसत होतं, पण नेटवर्क आहे, वेळ लागणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

हा लेख त्या अनुभवातून आलेला आहे. नेटवर्क फाइल सिस्टिमने तुमची विनंती मान्य केली म्हणजे ती अलाइन्ड, म्हणजे डिस्कच्या ब्लॉकच्या सीमांशी जुळलेली, आहे असं होत नाही. ती तपासणी तुम्हालाच करावी लागते. ती कशी करायची, काय निवडायचं आणि कुठे डेटा खराब होऊ शकतो, हे क्रमाने बघू.

आधी हिशेब समजून घ्या

नेहमीच्या वाचन-लेखनात तुमचा प्रोग्राम आणि डिस्क यांच्यामध्ये कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) पेज कॅश असते. तुम्ही ७ बाइट लिहा की ७ हजार, डिस्कला लागणारे पूर्ण ब्लॉक जुळवण्याचं काम ती कॅश करते. ओ_डायरेक्टने फाइल उघडली की हा मध्यस्थ बाजूला होतो आणि तो करत असलेली जुळणी तुमच्या गळ्यात पडते.

जुळवायच्या गोष्टी तीन असतात. मेमरीत बफर (डेटा ठेवायची जागा) ज्या पत्त्यावर सुरू होतो तो पत्ता, फाइलमधला ऑफसेट (सुरुवातीपासून किती बाइट पुढे), आणि विनंतीची लांबी. या तिन्हींना ठरावीक आकड्याने नि:शेष भाग जायला हवा. लिनक्स २.४च्या काळात हा आकडा फाइल सिस्टिमच्या ब्लॉकइतका असायचा; २.६पासून खालच्या डिस्कच्या लॉजिकल सेक्टरइतका पुरतो. बहुतेक डिस्कवर तो ५१२ असतो, काहींवर ४०९६. एक लक्षात ठेवा, मेमरीची अट आणि ऑफसेटची अट वेगवेगळी असू शकते. एकच आकडा दोन्हीकडे लागू आहे असं गृहीत धरून लिहिलेला कोड पुढे कधीतरी अडतोच.

आता नेटवर्ककडे या. एनएफएसच्या प्रोटोकॉलमध्ये ओ_डायरेक्ट हा ध्वज सर्व्हरपर्यंत पोचवायची सोयच नाही. तो फक्त क्लायंटच्या बाजूची पेज कॅश टाळतो. सर्व्हर स्वतःच्या कॅशमध्ये तो डेटा खुशाल ठेवू शकतो. आणि लिनक्सचा एनएफएस क्लायंट ओ_डायरेक्टवर अलाइनमेंटची कोणतीही अट घालत नाही. कारण साधं आहे. त्याच्या खाली डिस्क नाही, सॉकेट आहे, आणि सॉकेटला ऑफसेट ६४ असो वा ४०९६, फरक पडत नाही. एनएफएसच्या वाचन-लेखनाच्या संदेशात ऑफसेट आणि लांबी बाइटमध्येच लिहिलेली असते.

पण त्या सर्व्हरच्या पोटात डिस्क आहेच. तिथल्या फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल आणि तुमचं लेखन दोन ब्लॉकच्या मध्यावर पडत असेल, तर सर्व्हरला दोन्ही ब्लॉक आधी वाचावे लागतात, त्यात तुमचे बाइट घालावे लागतात आणि मग दोन्ही परत लिहावे लागतात. कॅशमध्ये ते ब्लॉक आधीच असले तर वाचन टळतं, नसले तर प्रत्येक लेखनामागे एक वाचन येतं. झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमवर रेकॉर्डचा मूळ आकार १२८ केबी असतो. तिथे रेकॉर्डचा छोटा तुकडा बदलायचा तरी अख्ख्या रेकॉर्डची उठाठेव होते. म्हणजे स्थानिक डिस्कवर चुकलेली अलाइनमेंट त्रुटी देते, आणि नेटवर्कवर तीच चूक वेग खाते. त्रुटी निदान दिसते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण या विषयावर बोलताना तो हमखास निघतो. नेटवर्कचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० आहे की ९०००, याचा अलाइनमेंटशी संबंध नाही. पॅकेट कसेही तुटोत, टीसीपी ते जोडून देतं. सर्व्हरला दिसतात ते संदेशातला ऑफसेट आणि लांबी. जम्बो फ्रेम (९०००चे मोठे पॅकेट) चालू केल्याने दुसरे फायदे होतील, हा प्रश्न सुटणार नाही.

पायरी १: ओ_डायरेक्ट हवंच का, ते ठरवा

डेटाबेसला हवं असतं, कारण त्याची स्वतःची कॅश असते आणि तोच डेटा दोनदा मेमरीत ठेवण्यात अर्थ नसतो. आभासी मशीनच्या डिस्क फाइलला हवं असतं, कारण आतली ऑपरेटिंग सिस्टिम कॅश करतेच. एकदाच वाचून टाकून द्यायच्या प्रचंड फाइलींना उपयोगी पडतं. बाकी बहुतेक ठिकाणी साधं लेखन आणि शेवटी एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करायला लावणारा कॉल) हेच बरं. डेटा सुरक्षित राहावा एवढ्यासाठी ओ_डायरेक्ट लावणारे बरेच दिसतात. ती त्याची हमी नव्हे, त्याबद्दल पुढे.

पायरी २: सिस्टिमला विचारा

फाइल नेमकी कुठे आहे ते आधी बघा. फाइंडमाउंट या आज्ञेला फोल्डरचा पूर्ण मार्ग द्या, ती फाइल सिस्टिमचं नाव सांगते. ‘डेटा’ नावाचा फोल्डर स्थानिक वाटतो आणि प्रत्यक्षात माउंट केलेला, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला, शेअर असतो, हे नेहमीचं आहे.

मग स्टॅटएक्स या सिस्टिम कॉलला डायओअलाइनची माहिती मागा. लिनक्स ६.१पासून ही सोय आहे. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि एफ२एफएस या फाइल सिस्टिम त्यातून दोन आकडे देतात: एक मेमरीसाठी, एक ऑफसेट आणि लांबीसाठी. आकडा शून्य आला तर त्या फाइलवर डायरेक्ट चालत नाही. मात्र आकडा वाचण्याआधी परत आलेल्या मास्कमध्ये (कोणती माहिती भरली ते सांगणाऱ्या खुणांमध्ये) ती खूण आहे का ते तपासा. खूण नसेल तर फाइल सिस्टिमने उत्तरच दिलेलं नाही, आणि तिथे दिसणाऱ्या शून्याला काही अर्थ नाही. ‘उत्तर शून्य’ आणि ‘उत्तर नाही’ यांची गल्लत करणारा कोड नेटवर्क शेअरवर डायरेक्ट उगाचच बंद करून टाकतो.

सर्व्हरवर तुमचा प्रवेश असेल तर तिथे एलएसबीएलके आज्ञा टी पर्यायासह चालवा. लॉजिकल आणि फिजिकल सेक्टर दोन्ही दिसतात. ५१२ लॉजिकल आणि ४०९६ फिजिकल अशी जोडी दिसली तर ती डिस्क बाहेर ५१२ सांगते आणि आत ४०९६च्या तुकड्यांत काम करते. अशा वेळी ५१२च्या पटीतलं लेखन चालेल, पण डिस्क स्वतः आत वाच-बदल-लिही करत बसेल. हिशेब ४०९६चाच धरा.

शेवटी क्लायंटवर एनएफएसस्टॅट एम पर्यायासह चालवून आरसाइज आणि डब्ल्यूसाइज (एका विनंतीत जास्तीत जास्त किती बाइट वाचायचे आणि लिहायचे ते) बघा. माउंट करताना तुम्ही काय टाइप केलंत त्यापेक्षा क्लायंट आणि सर्व्हरमध्ये काय ठरलं ते महत्त्वाचं. लिनक्स क्लायंटची कमाल १०४८५७६ बाइट, म्हणजे १ एमबी. तुमचं लेखन डब्ल्यूसाइजपेक्षा मोठं असेल तर त्याचे त्या मापाचे तुकडे होऊन जातात, म्हणून हा आकडाही ४०९६च्या पटीत हवा. तो तसा नसेल तर तुमची अलाइन्ड विनंती वाटेतच सरकते.

पायरी ३: स्वतः चाचपून बघा

सिस्टिमने सांगितलं नाही तर करून बघणं हाच मार्ग. आभासी मशीन चालवणारा क्यूएमूही हेच करतो. वाचनाची लांबी १, ५१२, १०२४, २०४८, ४०९६ अशी वाढवत नेतो आणि कुठे ईइन्व्हॅल येणं थांबतं ते पाहतो.

तुमची चाचणी अशी बसवा. ज्या फोल्डरमध्ये खरी फाइल राहणार आहे त्याच फोल्डरमध्ये ६४ केबीची एक फाइल तयार करा. तिच्यात खरा डेटा लिहा आणि एफसिंक करा. मग तीच फाइल ओ_डायरेक्टने उघडून तीन वेगळ्या फेऱ्या करा. पहिल्या फेरीत बफर आणि ऑफसेट नीट अलाइन्ड ठेवून फक्त लांबी बदला. दुसरीत फक्त ऑफसेट. तिसरीत फक्त बफरचा पत्ता. तिन्ही एकदम बदलले तर नकार कशामुळे आला ते कळत नाही.

‘खरा डेटा लिहा’ हे वाक्य मी सहज घातलेलं नाही. फाइलमधला भाग डिस्कवर वाटप झालेला नसेल, म्हणजे तिथे पोकळी असेल, तर फाइल सिस्टिमला डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. ती शून्यं भरून देते आणि कोणतीही लांबी चालून जाते. ग्लस्टर या नेटवर्क फाइल सिस्टिमच्या खाली एक्सएफएस असताना क्यूएमूची चाचपणी नेमकी अशीच फसायची. रिकाम्या डिस्क फाइलचा पहिला ब्लॉक वाचायला गेलं की १ बाइटही चालतोय असं दिसायचं. २०१९ मध्ये त्यावर इलाज आला. फाइल तयार करतानाच पहिला ब्लॉक प्रत्यक्ष लिहून ठेवायचा, म्हणजे पुढची चाचपणी खऱ्या जमिनीवर होते.

एनएफएसवर ही चाचणी केलीत तर १ बाइटपासून सगळं चालेल. हे उत्तर ‘अट १ बाइटची आहे’ असं वाचू नका. ‘माहिती मिळाली नाही’ असं वाचा. क्यूएमूसुद्धा १ उत्तर आलं की त्यावर विश्वास न ठेवता सुरक्षित मोठा आकडा धरतो. तुम्ही ४०९६ धरा.

ही चाचणी टीएमपी फोल्डरमध्ये करून समाधान मानू नका. तिथे बऱ्याचदा टीएमपीएफएस ही मेमरीतली फाइल सिस्टिम असते, आणि जुन्या कर्नलवर ती ओ_डायरेक्टने फाइल उघडूच देत नाही. डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. ग्नूचा डीडी शेवटचा अपुरा तुकडा लिहिताना डायरेक्ट गुपचूप बंद करतो, त्यामुळे त्याला जमलं म्हणून तुमच्या प्रोग्रामला जमेल असं नाही.

पायरी ४: बफर नीट घ्या

सी भाषेत साध्या मॅलॉकने मिळणारी मेमरी या कामाची नाही. पॉझिक्स_मेमअलाइन वापरा आणि अलाइनमेंट म्हणून ४०९६ किंवा मशीनच्या पेजचा आकार, यातला मोठा आकडा द्या. पेजचा आकार सिसकॉन्फला विचारा, कोडमध्ये ४०९६ ठोकून बसवू नका. काही एआरएम आणि पॉवर मशीनवर कर्नल ६४ केबीच्या पेजवर चालतो. पायथनमध्ये साधा बाइट्स ऑब्जेक्ट अलाइन्ड असेलच असं नाही, तिथे एमएमॅपने निनावी मेमरी घ्या. ती पेजच्या सीमेवरच सुरू होते आणि प्रीडव्ही, पीराइटव्ही या फंक्शनना देता येते.

एनएफएस कोणताही पत्ता चालवून घेत असला तरी हे करा. कर्नल तुमच्या बफरची पेजं जागच्या जागी धरून ठेवतो. १ एमबीचा बफर नीट सुरू झाला तर ४ केबीची २५६ पेजं धरावी लागतात, सरकलेला असेल तर २५७. हा खर्च नगण्य आहे हे खरं. पण तोच कोड उद्या स्थानिक डिस्कवर गेला की हीच काळजी त्याला वाचवते.

आणखी एक खबरदारी. डायरेक्ट काम चालू असताना त्याच प्रोसेसमध्ये फोर्क (प्रोसेसची नक्कल) होत असेल आणि बफर खासगी मेमरीत असेल, तर डेटा चुकीच्या पेजमध्ये जाण्याचा धोका लिनक्सच्या दस्तऐवजातच नोंदलेला आहे. असा बफर सामायिक मेमरीत घ्या किंवा त्या मेमरीवर एमअॅडव्हाइजने फोर्कमध्ये नक्कल होऊ नये अशी खूण लावा.

पायरी ५: सरकलेलं लेखन कसं हाताळायचं

इथे थोडं थांबू, कारण डेटा खराब होतो तो इथेच.

समजा फाइलमध्ये ऑफसेट १०,०००पासून ५०,००० बाइट लिहायचे आहेत आणि ब्लॉक ४०९६चा आहे. त्याचे तीन भाग पडतात. डोकं: १०,००० ते १२,२८८, म्हणजे २,२८८ बाइट. मधला भाग: १२,२८८ ते ५७,३४४, म्हणजे ४५,०५६ बाइट, बरोबर ११ ब्लॉक. शेपूट: ५७,३४४ ते ६०,०००, म्हणजे २,६५६ बाइट. मधला भाग निर्धास्तपणे डायरेक्ट लिहिता येतो. प्रश्न डोकं आणि शेपटाचा.

त्याआधी बफरची एक युक्ती. तुम्ही अलाइन्ड बफर घेतला आणि डेटा त्याच्या पहिल्या बाइटपासून भरलात, तर मधला भाग मेमरीत २,२८८व्या बाइटपासून सुरू होतो. ऑफसेट जुळला, मेमरी बिघडली! म्हणून डेटा बफरच्या सुरुवातीपासून भरू नका. १०,०००ला ४०९६ने भागल्यावर बाकी १,८०८ उरते, तेवढी जागा पुढे सोडा आणि मग भरा. आता मधला भाग १,८०८ अधिक २,२८८, म्हणजे बरोबर ४,०९६व्या बाइटवर येतो. फाइलमधली बाकी आणि मेमरीतली बाकी सारखी ठेवायची, एवढाच नियम.

आता डोकं आणि शेपूट. स्थानिक डिस्कवरची सर्वमान्य रीत म्हणजे अख्खा ब्लॉक वाचा, आपले बाइट त्यात घाला, अख्खा ब्लॉक परत लिहा. तुमचा प्रोग्राम त्या फाइलचा एकटा धनी असेल आणि आतल्या आत दोन थ्रेड एकाच ब्लॉकवर येणार नाहीत याची कुलुपाने काळजी घेतलीत, तर ही रीत बिनधोक आहे.

नेटवर्कवर ती बिनधोक नाही. पुण्यातल्या एका मशीनने ब्लॉक वाचला. त्याच क्षणी दुसऱ्या मशीनने त्याच ब्लॉकचा उरलेला अर्धा भाग लिहिला. मग पहिल्या मशीनने आपला बदललेला अख्खा ब्लॉक परत लिहिला, आणि दुसऱ्याचे बाइट जुन्या मजकुराखाली गाडले गेले. कुठेही त्रुटी नाही, लॉगमध्ये नोंद नाही. दोघांनी आपापल्या हद्दीतच लिहिलं होतं. हद्द ओलांडली ती अलाइनमेंटसाठी ब्लॉकपर्यंत फुगवलेल्या लेखनाने.

म्हणून माझा क्रम असा असतो. पहिली पसंती फाइलची मांडणीच बदलण्याला. आमच्या त्या बॅकअप प्रोग्राममध्ये ६४ बाइटच्या हेडरला पूर्ण ४०९६चा ब्लॉक देऊन टाकला, उरलेली जागा शून्यांनी भरली, आणि पुढचे सगळे तुकडे आपोआप जाग्यावर आले. वाया गेले ४,०३२ बाइट, दर फाइलमागे. एवढ्यात काम होत असेल तर पुढचं काही करायची गरज नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या डेटा साठवणाऱ्या भागात हीच समज दिसते. तिची पानं १६ केबीची असतात आणि लॉग ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये असला तरी लिहिताना पुढची जागा मूळ ठरलेल्या ८१९२ बाइटपर्यंत भरून घेता येते, म्हणजे खालच्या सिस्टिमला आधी वाचावं लागत नाही.

मांडणी बदलता येत नसेल आणि फाइल एनएफएसवर असेल, तर डोकं आणि शेपूट फुगवू नका. आहेत तेवढेच बाइट पाठवा. एनएफएस ते स्वीकारतं, आणि ब्लॉक जुळवण्याचं काम सर्व्हर करतो, जिथे ते सगळ्या क्लायंटसाठी एकाच ठिकाणी होतं. थोडा वेग जाईल, डेटा राहील.

फाइल सिस्टिम सरकलेली विनंती नाकारत असेल, फाइल सामायिक असेल आणि वाच-बदल-लिही टळतच नसेल, तर फुगवलेल्या पूर्ण टापूवर बाइट-रेंज लॉक (फाइलच्या ठरावीक बाइटवरचं कुलूप) घ्या, मूळ टापूवर नव्हे. आपल्या उदाहरणात ८,१९२ ते ६१,४४०. आणि त्या फाइलवर लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने ही शिस्त पाळायला हवी. माउंटच्या पर्यायांत नोलॉक नाही ना, हेही बघा. ते असलं की लॉक फक्त तुमच्याच मशीनपुरता राहतो आणि दुसऱ्याला दिसत नाही. पॉझिक्स लॉकची एक खोड आहे: प्रोसेसने त्या फाइलचा कोणताही दुसरा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) बंद केला की लॉक सुटतो. लिनक्स ३.१५पासून ओएफडी लॉक (प्रोसेसऐवजी उघडलेल्या फाइलशी बांधलेले) आहेत, त्यांना ही अडचण नाही.

एकच फाइल एकाच वेळी डायरेक्ट आणि साध्या मार्गाने उघडून ठेवू नका. डोकं-शेपूट साध्या डिस्क्रिप्टरने आणि मधला भाग डायरेक्टने, ही कल्पना मोहक वाटते, पण कॅशमधलं जुनं पान आणि डिस्कवरचं नवं यांचा ताळमेळ बिघडू शकतो. डायरेक्ट ध्वज काढून साधं लेखन केलंच तर एफसिंक करून मगच डायरेक्टवर परत या.

पायरी ६: फाइलचा शेवट

फाइलची लांबी क्वचितच ४०९६च्या पटीत असते. लिहिताना शेवटचा ब्लॉक शून्यांनी पूर्ण करून लिहा आणि मग एफट्रंकेटने खरी लांबी द्या. मध्येच वीज गेली तर फाइल थोडी लांब राहील, म्हणून खरी लांबी हेडरमध्ये नोंदवलेली असावी. फाइलच्या शेवटी दुसरं मशीनही भर घालत असेल तर ही रीत वापरू नका.

वाचताना पूर्ण ब्लॉक मागा. शेवटी कमी बाइट परत येतील. बऱ्याच कोडमध्ये लूप असा असतो की मिळाले तेवढे बाइट ऑफसेटमध्ये मिळवायचे आणि शून्य येईपर्यंत पुन्हा मागायचं. एनएफएसवर तो सुरळीत चालतो. स्थानिक डिस्कवर शेवटच्या अपुऱ्या वाचनानंतर ऑफसेट सरकलेला असतो आणि काही ठिकाणी शून्याऐवजी ईइन्व्हॅल येतो. कमी बाइट आले की एफस्टॅटने लांबी बघा आणि फाइल संपली असेल तर थांबा. फाइल न संपता मध्येच कमी आले, तर ऑफसेट खालच्या पटीपर्यंत मागे घेऊन तिथून पुन्हा मागा.

पायरी ७: डेटा खरंच पोचला का

ओ_डायरेक्ट एकट्याने टिकाऊपणाची हमी देत नाही, त्यासाठी ओ_सिंक किंवा एफसिंक लागतं. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लायंट आधी ‘तूर्त घेऊन ठेव’ अशा प्रकारे लिहू शकतो आणि मग कमिट (‘आता पक्कं साठव’ हा निरोप) पाठवतो. मध्ये सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर उत्तरातला पडताळा बदलतो आणि क्लायंट डेटा पुन्हा पाठवतो. डायरेक्ट लेखनात क्लायंट सर्व्हरकडून पक्क्या साठवणुकीची हमी मागतो, म्हणून छोटे तुकडे फार संथ जातात. उपाय म्हणजे तुकडा मोठा करा, शक्यतो डब्ल्यूसाइजइतका. सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये असिंक (डेटा डिस्कवर जाण्याआधीच ‘झालं’ म्हणणं) लावून वेग मिळवणं म्हणजे सर्व्हरला खोटं बोलायला सांगणं. वीज गेली की त्याची किंमत कळते.

विंडोज आणि एसएमबी

विंडोजवर हेच काम फाइल_फ्लॅग_नो_बफरिंग करतो. लांबी आणि ऑफसेट सेक्टरच्या पटीत हवेत, आणि बफर व्हर्च्युअलअॅलॉकने घेतला की पेजवर अलाइन्ड मिळतो. सेक्टरचा आकार गेटडिस्कफ्रीस्पेस सांगतो. नेटवर्क शेअरचा मार्ग देताना शेवटी उलटी तिरकी रेघ विसरू नका. लिनक्सवरून एसएमबी (विंडोजची नेटवर्क शेअरची पद्धत) शेअर माउंट केला असेल तर कॅश या माउंट पर्यायाचा डायरेक्टच्या वागण्याशी थेट संबंध येतो. तिथे पायरी ३ची चाचणी करूनच पुढे जा.

आभासी मशीनच्या डिस्क फाइली

एनएफएसवर ठेवलेल्या आभासी डिस्कमध्ये अलाइनमेंट आणखी एका थरावर बिघडते: आतल्या पार्टिशनवर. जुन्या पद्धतीने, विंडोज एक्सपी किंवा सर्व्हर २००३च्या काळातलं पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि त्याला ४०९६ने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे आतल्या सिस्टिमचा प्रत्येक ४ केबीचा ब्लॉक सर्व्हरच्या दोन ब्लॉकवर पसरतो, ५१२ बाइट एकात आणि ३,५८४ दुसऱ्यात. नेटअॅपच्या वॉफल फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४ केबीचाच असल्याने तिथे हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८पासून पार्टिशन १ एमबीवर सुरू होतं, तिथे प्रश्न मिटला.

तपासणी सोपी आहे. आतल्या मशीनमध्ये पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर बघा. त्याला ८ने भाग गेला तर ठीक. २०४८ला जातो, ६३ला नाही. जुन्या मशीनची प्रतिमा वर्षानुवर्षं नव्या सर्व्हरवर कॉपी होत येते आणि हे ६३ तिच्यासोबत प्रवास करत राहतं. क्यूएमूला कॅश=नन दिलं की तो ओ_डायरेक्ट वापरतो; आतल्या मशीनला फिजिकल ब्लॉक ४०९६ दाखवलात तर नवी पार्टिशनं आपसूक नीट पडतात. क्यूएमूच्या क्यूकाउ२ प्रकारच्या प्रतिमेचा क्लस्टर मुळात ६४ केबीचा असतो, तिच्या आतली मांडणी अलाइन्डच असते.

शेवटी पडताळणी

क्लायंटवर प्रॉक फोल्डरमधल्या सेल्फ फोल्डरातली माउंटस्टॅट्स ही फाइल उघडा. प्रत्येक एनएफएस माउंटखाली ‘बाइट्स’ची एक ओळ असते. तिच्यातले पहिले दोन आकडे साध्या वाचन-लेखनाचे, तिसरा आणि चौथा डायरेक्ट वाचन आणि डायरेक्ट लेखनाचे. चौथा आकडा हलत नसेल तर तुमचा प्रोग्राम डायरेक्ट लिहीतच नाहीये, सेटिंग काहीही म्हणो. त्याआधी एस-ट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून पीराइट६४ कॉलचे ऑफसेट नुसते डोळ्यांखालून घातले तरी सरकलेलं लेखन लगेच दिसतं.

मग फायो हे वाचन-लेखनाचा वेग मोजणारं साधन घ्या. सर्व्हरच्या मेमरीपेक्षा मोठी फाइल आधी पूर्ण लिहून ठेवा, सर्व्हरची कॅश रिकामी करा आणि ४ केबीचं डायरेक्ट लेखन दोनदा चालवा, एकदा ऑफसेट ० आणि एकदा ऑफसेट ५१२. दोन्ही वेळा सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कवरची वाचनं-लेखनं दाखवणारी आज्ञा) एक्स पर्यायासह चालू ठेवा. तुम्ही फक्त लिहिताय आणि तरी सर्व्हरच्या डिस्कवर वाचनं दिसताहेत, तर ती वाच-बदल-लिहीची वाचनं आहेत. दुसऱ्या फेरीत ती दिसावीत, पहिलीत नाहीत. पहिल्या फेरीतही दिसली तर सर्व्हरचा ब्लॉक किंवा रेकॉर्ड ४ केबीपेक्षा मोठा आहे. तुकडा ८, १६, ३२ केबी असा वाढवत न्या आणि वाचनं कुठे थांबतात तो आकडा टिपून ठेवा. तोच त्या शेअरसाठी तुमचा खरा अलाइनमेंटचा आकडा.

सामायिक फाइलसाठी आणखी एक चाचणी रात्रभर लावा. दोन मशीन, एकच फाइल, एकच ४०९६चा ब्लॉक. एकाने पहिल्या २,०४८ बाइटमध्ये वाढता आकडा लिहायचा, दुसऱ्याने उरलेल्या २,०४८मध्ये, आणि प्रत्येकाने दर लेखनानंतर आपला अर्धा भाग परत वाचून ताडायचा. तुमच्या कोडमध्ये कुठे लॉकशिवाय वाच-बदल-लिही लपलेलं असेल, तर सकाळपर्यंत कुणाला तरी आपल्या जागी जुना आकडा सापडलेला असतो.